खांद्याजवळ दंडाचे चार तुकडे: प्लेट, उलटा सांधा की नुसती झोळी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 68. सहा दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि त्या उजव्या खांद्यावर पडल्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एक्सरे झाला, सीटीही झाला, रिपोर्टमध्ये 'फोर पार्ट फ्रॅक्चर' असं लिहून आलंय. एका डॉक्टरांनी प्लेट बसवायला सांगितली. दुसऱ्यांनी कृत्रिम सांधा सांगितला, तोही 'उलटा'. तिसरे म्हणाले, हात गळ्यात बांधा, काहीही करू नका. मुलगा विचारतोय, तिघांत बरोबर कोण?

तिघेही बरोबर असू शकतात. हे मी अंग काढून घेण्यासाठी म्हणत नाही. खुबा मोडलेला रुग्ण दहा सर्जनना दाखवा, नऊ जण जवळपास एकच ऑपरेशन सांगतील. खांद्याजवळ मोडलेल्या दंडाचं तसं नाही. मी 26 वर्षं हाडांची कामं करतोय, त्यातलं निम्मं तरी खांद्याचं, आणि आजही काही सीटी असे येतात की सकाळी एक मत होतं आणि संध्याकाळी दुसरं. त्यामुळे तीन मतं मिळाली म्हणून कोणी फसवतंय असं समजू नका. फक्त प्रत्येकाने आपलं मत कशावरून बनवलं, ते समजून घ्या.

आधी हे 'फोर पार्ट' प्रकरण. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला चार भाग असतात. सांध्यातला गोळा, त्याच्या बाहेरच्या अंगाची मोठी गाठ (म्हणजे हाडाचाच उंचवटा), पुढच्या अंगाची छोटी गाठ आणि खालचा दांडा. लहानपणी हे भाग वेगवेगळे वाढतात आणि विशीपर्यंत एकमेकांना जुळतात. पुढे हाड मोडतं तेही साधारण त्याच जुन्या जोडांवर मोडतं. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी हे 1934 सालीच मांडलं होतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी 1970 मध्ये त्याला मोजमाप दिलं. तुकडा 1 सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा 45 अंशांपेक्षा जास्त वाकला असेल, तरच तो वेगळा 'पार्ट' धरायचा. नुसती चीर पडली म्हणून पार्ट वाढत नाही. हे सांगायचं कारण असं की रिपोर्टमध्ये कितीतरी वेळा चिरा मोजून 'फोर पार्ट' लिहिलेलं असतं आणि सीटी स्वतः फिरवून बघितला की ते दोन पार्टचं, जागच्या जागी दबून बसलेलं फ्रॅक्चर निघतं. असं फ्रॅक्चर झोळीत छान जुळतं. नीर यांच्याच अंदाजाने या जागची 85 टक्के फ्रॅक्चर्स फारशी न सरकलेली असतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून सीटीची सीडी एखाद्याला बघायला लावणं. मोबाइलवर पाठवलेला फोटोचा फोटो यात काही कामाचा नाही.

आता मुद्द्याचं. घरची माणसं आली की सगळे गोळ्याबद्दल विचारतात. "गोळा फुटलाय का? गोळा वाचेल का?" साहजिक आहे, एक्सरेत तोच डोळ्यात भरतो. मी मात्र आधी गाठी बघतो. खांद्याचं ऑपरेशन कुठल्याही पद्धतीचं असो, ते यशस्वी होणार की फसणार हे बहुतेक वेळा त्या दोन गाठींवर ठरतं.

का, ते सांगतो. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याच्या गोळ्याला वाटी नाहीच म्हटलं तरी चालेल, उथळ चमचा आहे. शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत धावला असाल तर आठवा, लिंबू चमच्यात टिकतं ते आपण सतत तोल सांभाळतो म्हणून. खांद्यात तो तोल चार लहान स्नायू सांभाळतात. त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या तिघांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मोठ्या गाठीला चिकटलेले असतात आणि एकाचा छोट्या गाठीला. हाड मोडलं की हे स्नायू काही सुट्टीवर जात नाहीत, ओढतच राहतात. मोठी गाठ वर आणि मागे खेचली जाते, छोटी गाठ आतल्या बाजूला, आणि छातीचा मोठा स्नायू दांड्याला छातीकडे ओढून नेतो. तुमच्या आईंचा एक्सरे म्हणजे थांबलेल्या रस्सीखेचीचा फोटो आहे. मोठी गाठ जेमतेम 5 मिलिमीटर वर सरकून तशीच जुळली, तरी हात उचलताना ती वरच्या हाडाला जाऊन अडते. गोळा सुरेख असूनही बाईंना स्वतःची वेणी घालता येत नाही. माझ्या ओपीडीत मी अंश मोजण्याआधी हेच विचारतो. केस विंचरता येतात का, पदर खांद्यावर टाकता येतो का, फळीवरचा डबा काढता येतो का.

गोळ्याचा प्रश्न रक्तपुरवठ्याचा असतो. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाला आणि गाठींना लगटून वर चढतात, त्यामुळे हाड मोडताना त्या तुटू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन राल्फ हर्टेल यांनी 2004 मध्ये या गोष्टीचा नीट माग काढला. गोळ्याखाली आतल्या बाजूला दांड्याच्या हाडाचा तुकडा चिकटून राहिलाय का आणि तो किती लांब आहे, हे बघायचं. तो 8 मिलिमीटरपेक्षा आखूड असेल, आतल्या बाजूची बिजागरी, म्हणजे गोळा आणि दांडा तिथे धरून ठेवणारा जोड, 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली असेल आणि मोड गोळ्याच्या अगदी मानेतून गेलेली असेल, तर त्या घडीला गोळ्यात रक्त नसल्याची शक्यता फार मोठी. बरेच जण इथेच थांबतात आणि "गोळा मेला, बदला" म्हणतात. पण हर्टेल यांनीच पुढे अशा रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा असं दिसलं की सुरुवातीला रक्त नसलेले बहुतेक गोळे नीट जुळवून बसवल्यावर पुढे खचले नाहीत. म्हणून तरुण माणसात मी गोळा सहसा टाकत नाही. पस्तिशीचा कोणी मोटरसायकलवरून पडून आला, हाड दगडासारखं घट्ट आहे, तर कितीही तुकडे असोत, जुळवायचेच. पुढे गोळा थोडा खचला तरी गाठी जागेवर असतील तर खांदा बऱ्यापैकी चालतो. त्या वयात कृत्रिम सांधा घातला तर पुढची 40 वर्षं त्याचं काय होणार, याची चिंता मला गोळ्यापेक्षा जास्त वाटते.

तुमच्या आई 68 च्या आहेत, म्हणजे बरोबर सीमारेषेवर. त्यांच्या बाबतीत रक्ताइतकाच हाडाच्या कसाचा प्रश्न आहे.

तिन्ही वाटा एकेक करून बघू. आधी झोळी, कारण तिला लोक उगाच कमी लेखतात. "डॉक्टरांनी काहीच केलं नाही, नुसता हात गळ्यात बांधला" ही तक्रार मी हजारदा ऐकली असेल. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, प्रोफर नावाची, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. खांद्याजवळचं सरकलेलं फ्रॅक्चर असलेल्या निम्म्यांवर ऑपरेशन, निम्म्यांना झोळी. दोन वर्षांनी दोन्ही गटांत रुग्णांना स्वतःला जाणवणारा फरक जवळपास काहीच नव्हता, आणि पाच वर्षांनी बघितलं तेव्हाही नाही. या चाचणीने आमच्या धंद्यात बरीच खळबळ उडवली. मीही त्यानंतर सुरी कमी उचलायला लागलो, हे कबूल करतो. पण ती चाचणी बारकाईने वाचायला हवी. सांधा निखळलेले रुग्ण तिच्यात नव्हते, सर्जनला ऑपरेशन करायलाच हवं असं स्पष्ट वाटलेले रुग्णही बाहेर ठेवले होते, आणि खरोखर चार तुकडे झालेले त्यात मोजकेच होते. तेव्हा "ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय, ऑपरेशन नको" हे वाक्य तुमच्या आईंच्या सीटीवर जसंच्या तसं चिकटवता येत नाही.

झोळीत जुळलेला खांदा बहुतेक वेळा थोडा वाकडा जुळतो. हात खांद्याच्या उंचीपर्यंत किंवा थोडा वर जातो, दुखणं दोन-तीन महिन्यांत बरंच उतरतं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या, घरातल्या घरात वावर असणाऱ्या बऱ्याच जणी त्यात समाधानी असतात. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल, भूल देणंच जोखमीचं असेल, तर मी विनासंकोच झोळी सांगतो. आणखी एक गोष्ट, झोळीने काम भागलं नाही तर उलटा सांधा काही महिन्यांनीही बसवता येतो. प्लेटची ती संधी मात्र लवकर संपते. तीन-चार आठवडे गेले की गाठी आखडून चिकटून बसतात आणि त्यांना ओढून जागेवर आणणं म्हणजे कुस्ती होते.

आता प्लेट. इथे जरा रेंगाळतो, कारण 'प्लेट बसवली' या दोन शब्दांत काय काय येतं ते बाहेर कुणाला दिसत नाही.

रुग्णाला आरामखुर्चीत टेकवावं तसं अर्धवट बसवतात. भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात आणि जोडीला मानेच्या बाजूने इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात. त्या इंजेक्शनने त्या बाजूचा श्वासपटल काही तास सुस्त पडतो, म्हणून दम्याच्या रुग्णाने हे आधी सांगायलाच हवं. छाती आणि खांद्याच्या स्नायूंमधली फट शोधून आत जायचं. तिथे एक जाडसर शीर आडवी येते, ती जपून बाजूला करायची. आत गेलं की आधी भेटतं ते काळपट, गोठलेलं रक्त. ते धुतलं की हाड दिसतं, आणि म्हाताऱ्या हाडाच्या बाबतीत 'दिसतं' म्हणणंही धाडसाचं. मोठी गाठ बहुधा अंड्याच्या कवचासारखी असते, बोटाने दाबली तर चुरा होईल अशी. तिच्यात स्क्रू धरत नाही. म्हणून मी हाडाला हात न लावता, कंडरा हाडाला जिथे चिकटतो त्या ठिकाणी जाड धागे ओवतो. मोठ्या गाठीत तीन-चार, छोटीत दोन. धागे हातात आले की लगाम हातात आला. हळूहळू ओढत दोन्ही गाठी आपापल्या जागी आणायच्या. गोळा एका बाजूला कलंडलेला असतो, त्याखाली चपटं हत्यार घालून तो उचलायचा, जसा तव्यावरचा घावन न मोडता सोडवतो तसा. मग तात्पुरत्या तारांनी सगळं धरायचं, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं यंत्र) बघायचं, आणि त्यानंतर कुठे प्लेट. प्लेट गाठीच्या टोकापासून 5 ते 8 मिलिमीटर खाली बसायला हवी, वर गेली तर हात उचलताना तीच अडते.

प्लेटचे वरचे स्क्रू गोळ्यात जातात. त्यातले सगळ्यात महत्त्वाचे दोन खालून तिरपे वर जातात, गोळ्याच्या आतल्या-खालच्या कोपऱ्यात. गोळ्याला खालून टेकू देणारे ते खांब. ते चुकले, किंवा आतल्या बाजूचं हाड चुरडलेलं असून तिथे आधार दिला नाही, तर पुढच्या सहा आठवड्यांत गोळा हळूहळू खाली कलंडतो. हाड फारच पोकळ असेल तर पायाच्या फिब्युलाचा, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचा, एक तुकडा काढून आतून खुंटीसारखा घालावा लागतो. शेवटी ते सगळे धागे प्लेटच्या भोकांतून ओवून घट्ट बांधायचे. खरी प्लेट हे धागे आहेत, असं मी माझ्या निवासी डॉक्टरांना सांगत असतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका सत्तरीच्या बाईंना मी प्लेट बसवली. गोळा इतका गोल दिसत होता की मी खूश झालो, पुस्तकात छापावा असा एक्सरे. गाठीला दोनच धागे बांधले होते आणि खालचे टेकूचे स्क्रू मनासारखे बसले नव्हते. सी-आर्म बराच वेळ चालला होता, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते, मी म्हटलं चालेल. सहाव्या आठवड्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आत दार करकरतंय." गोळा कलंडला होता, मोठी गाठ वर सरकली होती आणि स्क्रूंची टोकं गोळ्यातून बाहेर येऊन समोरच्या वाटीवर घासत होती. प्लेट काढली, पुढे दुसरं ऑपरेशनही करावं लागलं. त्या बाई आजही रस्त्यात भेटल्या की हात वर करून दाखवतात, कुठपर्यंत जातो ते. खांद्याच्या थोडा वर जातो. दर वेळी मला तो करकर आवाज आठवतो. तेव्हापासून स्क्रूची टोकं गोळ्याच्या पृष्ठभागाच्या 5 मिलिमीटर आत थांबवायची आणि टाके घालण्याआधी हात सगळ्या दिशांनी फिरवून सी-आर्मखाली बघायचं, हा माझ्या ऑपरेशन थिएटरमधला नियम आहे.

म्हणून प्लेट सुचवणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा. "आतल्या बाजूचा आधार आणि गाठी कशा धरणार?" याचं नीट उत्तर मिळालं तर माणूस या कामातला आहे. प्रश्नाने चिडणारा सर्जन भेटला तर ते माझ्या मते अधिक काळजीचं.

तिसरी वाट उलट्या सांध्याची. जुना पर्याय अर्ध्या सांध्याचा होता, म्हणजे फुटलेला गोळा काढून धातूचा गोळा दांड्यावर बसवायचा. नीर यांनी 1950 च्या दशकात तो रूढ केला. तो दुखणं थांबवतो, पण हात उचलण्याचं काम पुन्हा त्या गाठींवरच सोडतो. गाठी धातूभोवती जुळल्या तर उत्तम, नाही जुळल्या तर धातूचा गोळा वर सरकतो आणि हात छातीपाशीच राहतो. म्हाताऱ्या हाडात गाठी न जुळण्याचं प्रमाण इतकं होतं की हा पर्याय आता माझ्या हातून क्वचितच होतो.

उलटा सांधा, म्हणजे रिव्हर्स, फ्रान्समधल्या दिजों शहराचे पॉल ग्रामों यांनी 1980 च्या दशकात पुढे आणला. त्यात गोळा वाटीच्या जागी बसतो आणि वाटी दांड्यावर. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण असं केल्याने सांध्याच्या फिरण्याचा मध्य आत आणि खाली येतो, आणि खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू, जो एरवी एकट्याने हात उचलू शकत नाही, त्याला लांब तरफ मिळते. विहिरीवरच्या ओकतीसारखं, म्हणजे पाणी काढायच्या आडव्या दांड्यासारखं, टेकू कुठे दिलाय त्यावर जोर ठरतो. रोटेटर कफ निकामी असला तरी हात वर जातो. नॉर्वेत 65 ते 85 वयाच्या 124 रुग्णांवर प्लेट आणि रिव्हर्स यांची तुलना झाली, 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी खांद्याच्या 100 पैकी गुणांत रिव्हर्सला सरासरी 68 आणि प्लेटला सुमारे 55 मिळाले. आमच्या क्षेत्रात हा फरक मोठा आहे. त्यामुळे सत्तरीच्या आसपासच्या, हाड पोकळ झालेल्या, खरोखर चार तुकडे असलेल्या रुग्णात माझा कल आता रिव्हर्सकडे आहे, हे लपवत नाही.

पण इथेही गाठींपासून सुटका नाही. रिव्हर्सने हात वर जातो. हात बाहेरच्या दिशेला फिरवायचा असेल तर मोठी गाठ जुळलेलीच हवी. घास तोंडाकडे नेताना कोपर आडवं बाहेर न काढता नेणं, डोक्यामागे हात नेणं, ही कामं त्या गाठीची. घाईत गाठी कापून फेकून देणारे सर्जन मी बघितलेत, तसं केल्याने ऑपरेशन अर्ध्या तासाने लवकर संपतं खरं. आणि रिव्हर्सची सगळी भिस्त डेल्टॉइडवर. त्याची नस खांद्याच्या टोकापासून साधारण 5 ते 7 सेंटीमीटर खाली हाडाला वळसा घालून जाते, पडताना तिला ओढ बसू शकते. म्हणून ऑपरेशनआधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श समजतो का आणि कोपर बाहेर ढकलायला सांगितल्यावर तिथला स्नायू हाताखाली घट्ट होतो का, हे कोणीतरी तपासून केसपेपरवर लिहिलेलं असायला हवं. तुमच्या आईंचं तपासलंय का, ते विचारा. डेल्टॉइड कायमचा गेलेला असेल तर रिव्हर्स बसवून उपयोग नाही.

खर्चाचं बोलायला लोक संकोचतात, मी बोलतो. रिव्हर्सचं इम्प्लांट प्लेटच्या कित्येक पट महाग पडतं. फुले योजनेत किंवा तुमच्या विम्यात यातलं काय बसतं, ते भरतीच्या आधी आरोग्यमित्राला आणि विमा कंपनीला विचारून घ्या. ऑपरेशन टेबलवर झोपवल्यावर हा विषय निघू नये.

मग तुमच्या आईंचं काय? सीटी न बघता निकाल देणार नाही, पण मी ज्या क्रमाने विचार करेन तो सांगतो. पहिलं, गोळा सांध्यातच आहे ना. निखळलेला असेल तर झोळीचा पर्याय बाद, आणि ऑपरेशनही लवकर करावं लागतं. एक सावधगिरी मात्र: पहिल्या दिवसांत डेल्टॉइड सुस्त पडल्यामुळे गोळा एक्सरेत खाली लोंबल्यासारखा दिसतो, त्याला लोक निखळलेला समजतात. काही आठवड्यांत तो आपोआप वर येतो. दुसरं, मोठी गाठ कुठे आहे. तिसरं, आतल्या बाजूला हाड किती चिकटून राहिलंय. चौथं, हाडाचा कस. त्यासाठी एक्सरेत दांड्याच्या भिंती किती जाड आहेत ते बघतात, कागदासारख्या पातळ असतील तर प्लेटचा हट्ट सोडावा. आणि पाचवं, जे सीटीत दिसत नाही. आई घरात काय काय करतात? एकट्या राहतात का, स्वयंपाक त्यांच्याच हातचा आहे का, उजव्या हातानेच सगळं का? शेतावर जाणारी, एकटी राहणारी 68 वर्षांची बाई आणि सुनेच्या हाती घर सोपवून पोथी वाचत बसणारी 68 वर्षांची बाई, यांना एकच सीटी असला तरी मी एकच सल्ला देणार नाही.

तुकडे खरेच चार असतील, गाठी सरकलेल्या असतील, भिंती पातळ असतील आणि त्या हिंडत्या-फिरत्या असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटेल. हाड बरं असेल आणि आतली बिजागरी शाबूत असेल, तर पहिल्यांचं. आणि जे 'फोर पार्ट' लिहिलंय ते प्रत्यक्षात जागच्या जागी दबलेलं निघालं, तर तिसऱ्यांचं, आणि ते निघतं बरेचदा.

मधुमेहाबद्दल. एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. साखर पिसाळलेली असेल तर जखम चिघळण्याची भीती तर आहेच, पण मधुमेह्यांचा खांदा आखडतोही जास्त. आई मिश्री लावत असतील तर तीही बंद, तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो. "थोडीशीच लावते" हे उत्तर मला पाठ आहे.

ऑपरेशननंतर किंवा झोळीत पहिले दोन आठवडे रात्र कठीण जाते. आडवं झोपवू नका, पाठीमागे लोड-उशा लावून अर्धवट बसतं झोपवा आणि कोपराखाली एक उशी द्या, म्हणजे दंड मागे लोंबणार नाही. पुढून उघडणारे सैल ब्लाऊज शिवून घ्या. आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलट. काखेत घडी घातलेलं सुती फडकं ठेवा, घामाने कातडी सोलवटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळंनिळं कोपरापर्यंत आणि छातीवर उतरतं आणि घरचे घाबरून फोन करतात. आतलं रक्त खाली ओघळतंय, एवढंच. सोबत ताप असेल किंवा जखमेतून स्राव येत असेल तर मात्र फोन कराच.

व्यायामात घाई आणि आळस दोन्ही महागात पडतात. झोळीचा रुग्ण साधारण दोन आठवड्यांनी पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला लागतो. गाठी बांधलेल्या असतील तर सहा आठवडे स्वतःच्या ताकदीने हात वर उचलायचा नाही, दुसऱ्या हाताने किंवा फिजिओच्या मदतीने उचलायचा. नंतर दाराला कप्पी-दोरी. ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांनी. सुधारणा वर्षभर चालू राहते, तेव्हा तिसऱ्या महिन्यात "आता एवढंच का?" म्हणून धीर सोडू नका. गावाकडे कोणीतरी तेल लावून चोळणारा सुचवेल, त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. जुळत असलेली गाठ त्या चोळण्याने निसटलेली मी पाहिली आहे. एक्सरे दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, मग वर्षाने. प्लेट बसवली तर दोन वर्षांपर्यंत, कारण गोळा खचायचा असेल तर तो उशिरानेही खचतो.

आणि हाडाची घनता मोजून घ्या. मोरीत पडून खांदा मोडला म्हणजे हाडाने दिलेली पहिली नोटीस आहे, पुढच्या वर्षभरात खुबा मोडण्याची भीती बरीच वाढते. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन, यातलं जे लागेल ते सुरू करायचं. खांद्याच्या गडबडीत हे राहून जातं, सर्जनकडूनसुद्धा.

आज सहावा दिवस आहे. नसा आणि रक्तवाहिन्या ठीक असतील आणि गोळा सांध्यात असेल तर रात्रीतून पळापळ करण्यासारखं काही नाही. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत निर्णय झाला तरी चालतं. सीडी घेऊन खांद्याचं काम नेहमी करणाऱ्या एकाकडे जा, तीन मतं झाली आहेत, चौथं शेवटचं धरा. तोवर झोळीतच कोपर, मनगट आणि बोटं हलवायला आजपासून सुरुवात करा. त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी अजून काढली नसेल तर आधी ती काढा. सूज बोटांत उतरली की मग कापूनच काढावी लागते, आणि लग्नातली अंगठी कापताना बायका खांद्यापेक्षा जास्त रडतात.